ट्रॅकचे टायर चढवल्यापासून गाडी चाकोरी धरते: दोष टायरचा की अलाइनमेंटचा?

जाणकारांची मदत हवी आहे.

माझी दोन सीटांची, रिअर व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्‌स कार आहे. महिन्यातून एकदा ट्रॅकवर नेते आणि जाते-येते त्याच चाकांवर. आधी २२५/४५ आर १७ मापाचे उन्हाळी परफॉर्मन्स टायर होते. आता चारही चाकांना २४५/४० आर १७, ट्रेडवेअर (रबर किती टिकेल याचा आकडा, कमी म्हणजे जास्त चिकट) २०० चे घातलेत. ट्रॅकवर फरक जमीन-अस्मानाचा आहे, वळणात गाडी अशी चिकटते की उतरावंसं वाटत नाही.

रस्त्यावर मात्र हाल. जड ट्रकांनी डांबर दाबून जिथे चाकोऱ्या पडल्यात, तिथे स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढलं जातं. मी सावरेपर्यंत चाकोरीची दुसरी कड लागते आणि उलट्या दिशेला झटका बसतो. ब्रेक लावला की आणखी वाढतं. परवा ट्रकला ओलांडताना गाडी त्याच्याकडे ओढली गेली, तेव्हा खरंच घाबरले.

टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बुश असे स्टिअरिंग-सस्पेन्शनचे सांधे तपासून घेतले, कशातही खेळ नाही. पुढचा कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकलेला कल) उणे ३ अंश, टो-आउट (चाकांची पुढची बाजू बाहेर वळलेली असणं) दोन्ही चाकांचा मिळून २ मिमी, आणि हेच सेटिंग जुन्या टायरवर कधी त्रास देत नव्हतं. रिम तेच, ८ इंची, स्पेसर नाहीत. थंड असताना हवा ३२ पीएसआय. सगळे म्हणतात, "लो प्रोफाइल आहे, असंच होणार." पण हिशोब करून पाहिला: २२५ चे ४५ टक्के म्हणजे साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची) १०१ मिमी, २४५ चे ४० टक्के म्हणजे ९८. तीन मिलिमीटरनं एवढा फरक पडेल हे पटत नाही. मग नेमकं काय बदललं? आणि आधी कशाला हात घालू?

प्रतिसाद १

ताई, तुमचा हिशोब बरोबर आहे. उंची सोडा, टायरचा खांदा, म्हणजे ट्रेड आणि साइडवॉल मिळतात ती कड, बघा. ट्रॅकसाठी बनवलेल्या टायरचा खांदा चौकोनी असतो आणि साइडवॉल कडक. चाकोरीच्या उतरत्या कडेवर चाक आलं की साध्या टायरची बाजू थोडी दबते आणि जमिनीवरचा भार बराचसा मधोमध राहतो. कडक टायर दबत नाही. भार सरकून उंच बाजूच्या कडेवर जातो, आणि टायर जितका रुंद तितकी ती कड मध्यापासून लांब. रिम तेच असल्यानं कागदावरचा स्क्रब रेडियस (स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला मिळतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) फारसा बदललेला नाही, पण जमिनीकडून येणारा जोर आता भलत्याच जागी लागतो आणि चाकाला स्टिअरिंगच्या अक्षाभोवती फिरवतो. ब्रेक लावल्यावर वाढतं ते यामुळेच. ही खूण तुम्ही लिहिलीत ते फार बरं झालं.

दुसरं म्हणजे, एकाच मापाच्या दोन टायरांची ट्रेड सारखी रुंद असेलच असं नाही. २४५ हा आकडा साइडवॉलपासून साइडवॉलपर्यंतचा असतो. जमिनीला टेकणारी पट्टी टेपनं मोजा, जुन्याची आणि नव्याची.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण टो-आउटला इतक्या सहज सोडू नका. टो-आउटमध्ये दोन्ही चाकं बाहेर तोंड करून असतात. ज्या चाकावर त्या क्षणी जास्त भार, ते गाडीला आपल्याकडे नेतं. जुन्या टायरची पकड कमी आणि बाजू मऊ, म्हणून ते झाकलं जात असेल. एका वेळी एकच बदल करा आणि रस्ता तोच ठेवा. आधी हवा ३ पीएसआयनं वाढवून बघा, त्याला खर्च नाही. मग फक्त पुढे जुने टायर लावून एक शांत फेरी. शेवटी नवे टायर परत घालून टो शून्यावर. ट्रॅकवर पोचलात की हवा पुन्हा मोजून कमी करायला विसरू नका, गरम टायरमध्ये दाब वाढतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तिन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर करून पाहिल्या.

हवेनं किंचित फरक, तोही कदाचित माझ्या मनाचा. पुढे जुने टायर लावले तर त्रास जवळजवळ गेला. नवे परत चढवून टो शून्य केला, तर ब्रेक लावतानाचे झटके बरेच कमी झाले, पण चाकोरीत शिरताना गाडी अजून ओढते. म्हणजे मूळ टायरमध्ये आणि टो-आउट त्यात भर घालत होतं. पट्टीही मोजली: नवी ट्रेड जुन्यापेक्षा २६ मिमी रुंद, मापातला फरक २० चाच असताना!

टो शून्यच ठेवणार आहे. वळणात शिरताना गाडी थोडी आळसावेल, पण ट्रकशेजारून जाताना स्टिअरिंग माझं ऐकणं मला जास्त मोलाचं वाटतं. हे टायर संपले की त्याच कंपाउंडमध्ये २२५ घ्यायचा विचार आहे. कुणी ट्रेडवेअर २०० चा २२५ टायर ८ इंची रिमवर वापरत असेल, तर कृपया त्याच्या ट्रेडची रुंदी टेपनं मोजून इथे लिहा. कॅटलॉगमधला आकडा नको.