हार्लेम राहून गेलं

अमेरिकी नृत्याबद्दल बोलताना ब्रॉडवे आणि हॉलिवूड येतं, पण हार्लेम, म्हणजे न्यूयॉर्कमधली काळ्यांची वस्ती, राहून जातं, म्हणून हे थोडंसं. तिथल्या लेनॉक्स अव्हेन्यूवर १९२६ साली सॅव्हॉय बॉलरूम, म्हणजे सार्वजनिक नाचघर, सुरू झाला. तिथे काळे-गोरे एकत्र नाचत. त्याच वस्तीतल्या कॉटन क्लबात काळ्यांनी रंगमंचावर नाचायचं आणि गोऱ्यांनी बसून बघायचं, असा रिवाज होता. हे लक्षात घेतलं की सॅव्हॉयचं मोल कळतं.

लिंडी हॉप, म्हणजे स्विंग या जॅझ संगीतावरचा जोडीनं करायचा नाच, बहरला तो सॅव्हॉयमध्येच. वादक रंगात आले की नाचणारे पेटत, आणि त्यांना बघून वादक आणखी! लिंडीतल्या हवेतल्या उड्या १९३५च्या सुमारास तिथले नर्तक फ्रँकी मॅनिंग यांनी आणल्या असं मानतात. जोडीदारणीला त्यांनी पाठीवरून पलीकडे उतरवलं. स्विंगचा जमाना ओसरल्यावर याच माणसाने तीसेक वर्षं टपाल खात्यात नोकरी केली. १९८०च्या दशकात तरुण नर्तक त्यांना शोधत आले, आणि १९८९ मध्ये नृत्यदिग्दर्शनासाठी टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा पुरस्कारही मिळाला.

सॅव्हॉय मात्र १९५८ मध्ये बंद पडला, आणि घरबांधणी प्रकल्पासाठी पाडला गेला. ती वास्तू जपायला हवी होती, असं मला फार वाटतं.