हारतुरे आणि हात नसलेला पास्टर

‘सर्वधर्म परिषदा म्हणजे हारतुरे आणि फोटो’ हा तुमचा आक्षेप बराचसा पटतो. पण सगळा संवाद तसा नसतो. नायजेरियातल्या कादुना शहरातले इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर (ख्रिस्ती धर्मगुरू) जेम्स वुये पाहा. एकेकाळी दोघेही एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांमध्ये होते. 1992च्या ख्रिस्ती-मुस्लिम दंगलीत वुयेंचा उजवा हात गेला. अशाफांचे गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. 1995मध्ये गाठ पडली, पण मन लगेच निवळलं नाही. सूडाची भावना पुढेही बराच काळ आत होतीच, हे वुयेंनी स्वतःच सांगितलंय. (मला तर हा कबुलीजबाब भाषणांपेक्षा खरा वाटतो.) तरी दोघांनी मिळून संस्था काढली, आणि तरुणांना शस्त्रांपासून दूर करायचं काम सुरू केलं. 2002च्या कादुना शांतता जाहीरनाम्यामागेही (दोन्ही धर्मांच्या नेत्यांनी हिंसा थांबवण्यासाठी सही केलेला) त्यांचे प्रयत्न होते.

यात कुणी धर्म पातळ केला नाही, हे महत्त्वाचं. अशाफा इमामच राहिले, वुये पास्टरच. तुम्ही करुणेला ‘भाबडेपणा’ म्हणता, तर मग हात गमावलेल्या माणसाने समोरच्याच गटातल्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं काम करणं कुठल्या खात्यात मांडायचं?