मदत हवी आहे: १ टीबीच्या डिस्कवर ८७० जीबीच मोकळे, उरलेली जागा परत मिळेल का?

नवीन १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क लिनक्सवर ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) मध्ये फॉरमॅट केली. ९३१ जीबी का दिसतात ते माहीत आहे: कंपनी १००० च्या पटीत मोजते, सिस्टीम १०२४ च्या. त्याबद्दल तक्रार नाही. (दोघांनी एकच माप वापरलं असतं तर बरं झालं असतं, पण असो.)

माझं कोडं त्याच्या पुढचं आहे. डिस्क पूर्ण रिकामी असताना डीएफ कमांडने (ही डिस्कवरची जागा दाखवते) एकूण ९१६ आणि उपलब्ध ८७० जीबी दाखवले. म्हणजे आधी १५ गेले, मग आणखी ४६.

एलएसबीएलके (डिस्क आणि पार्टिशनची यादी देणारी कमांड) बघितलं, पार्टिशन एकच, ९३१.५ जीबीचं. ट्रॅश रिकामं. एफएससीके (फाइल सिस्टीम तपासणारी कमांड) चालवलं, चूक नाही. वाचून एवढं कळलं की ४६ जीबी म्हणजे रूटसाठी, म्हणजे सिस्टीमच्या ॲडमिनसाठी, राखून ठेवलेले ५ टक्के आणि १५ जीबी बहुतेक आयनोडच्या (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदींच्या) तक्त्यांत गेले.

डिस्कवर फक्त फोटो, व्हिडिओ आणि बॅकअप. ऑपरेटिंग सिस्टीम नाही. आता ४०० जीबी डेटा भरलाय आणि तो हलवायला दुसरी डिस्क नाही, त्यामुळे ‘पुन्हा फॉरमॅट कर’ हा सल्ला सध्या तरी नको. विंडोजला जोडायची नाहीये.

तर ट्यून-टू-एफएसने (फाइल सिस्टीमची सेटिंग बदलणारी कमांड) राखीव जागा ५ वरून ० टक्के केली तर भरलेल्या डेटाला धोका आहे का, की १ टक्का तरी ठेवावी? आणि आयनोडचे १५ जीबी फॉरमॅट न करता सुटतात का?