शब्दचर्चा : नामांतर, नामकरण की व्यवहारनाव?

प्रश्न

एका दूध संस्थेचा जुना डेटाबेस प्रिस्मात (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या साधनात) आणताना टेबलांची नावे मॉडेलांना, म्हणजे प्रोग्रॅममधल्या त्यांच्या प्रतिरूपांना, जशीच्या तशी मिळाली. सगळी रोमन लिपीतली, लहान अक्षरांची, मधे अंडरस्कोअर, काही एकवचनी तर काही अनेकवचनी. मॉडेलचे नाव एकवचनी असावे आणि त्याचे पहिले अक्षर कॅपिटल असावे, हा रिवाज पाळण्यासाठी मॉडेलांची नावे बदलण्याचे काम एआयकडून करून घेतले. त्याचे मराठी टिपण लिहिताना ‘रीनेम’साठी नामांतर म्हणावे की नामकरण? आणि ‘कन्व्हेन्शन’ला नियम म्हटले तर चालेल का?

प्रतिसाद

नामकरण बारशाला होते, म्हणजे नाव नसलेल्याला नाव ठेवणे; तो शब्द इथे लागू पडत नाही. नामांतरात जुने नाव जाऊन त्या जागी नवे येते. हा फरक मराठीने फार काटेकोरपणे जपला आहे. मराठवाडा विद्यापीठासाठीचा लढा नामांतराचा होता, परंतु १४ जानेवारी १९९४ रोजी ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले, तेव्हा त्याला नामविस्तार म्हटले गेले.

आपल्या बाबतीत मॉडेलखाली ‘मॅप’ची, म्हणजे ते मॉडेल कोणत्या टेबलाचे हे सांगणारी, ओळ लिहिली असेल, तर डेटाबेसातल्या टेबलाचे नाव मुळीच बदलत नाही, फक्त प्रोग्रॅममध्ये त्याला दुसऱ्या नावाने हाक मारली जाते. पत्रिकेतले जन्मनाव वेगळे आणि घरीदारी चालणारे व्यवहारनाव वेगळे, तसाच हा प्रकार आहे. म्हणून मी ‘व्यवहारनाव देणे’ असे लिहीन. ती ओळ एआयकडून सुटली नाही ना, हे मात्र प्रत्येक मॉडेलखाली स्वतः पाहावे, कारण ती नसेल तर पुढच्या मायग्रेशनमध्ये (डेटाबेसाची रचना बदलण्याच्या आज्ञांच्या संचात) जुने टेबल काढून टाकण्याची आणि नवे रिकामे टेबल तयार करण्याची आज्ञा येते, आणि ती तशीच चालवली तर आतली माहिती जाते.

‘कन्व्हेन्शन’ला संकेत म्हणावे. पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीत नाव ६३ बाइटांहून लांब असेल तर मूळ मांडणीत ते तिथेच तोडले जाते. त्याला नियम म्हणता येईल. एकवचनाचा संकेत मोडला तरी यंत्र अडत नाही, अडतो तो वाचणारा.

प्रश्नकर्त्याकडून

‘व्यवहारनाव’ हा शब्द मनापासून पटला. आपल्या सांगण्यावरून सगळी यादी पुन्हा तपासली. ‘मॅप’च्या ओळी सर्वत्र आहेत, पण एक चूक सापडली. एआयने ‘पत्रके’चे ‘पत्रक’ केले, ते योग्यच आहे. त्याच चालीवर ‘खाते’ हे अनेकवचन समजून त्याने शेवटचा ‘ए’ काढून टाकला. रोमन लिपीत ‘अ’ आणि ‘आ’ एकाच अक्षराने लिहिलेले असल्यामुळे जे उरले ते ‘खत’ असे वाचले जाते, आणि संस्थेत खतविक्रीचे टेबल खरोखरच आहे. सभासदाच्या बचतीचे खाते खतात जमा झाले असते, याची मला फार हळहळ वाटली.

प्रतिसाद

याचे मूळ व्याकरणात आहे. दोन्ही शब्द नपुंसकलिंगी असले, तरी ‘पत्रक’ अकारान्त असल्याने त्याचे अनेकवचन ‘पत्रके’ होते, आणि ‘खाते’ मुळातच एकारान्त असल्याने त्याचे अनेकवचन ‘खाती’ होते. ‘सभासद’ तर दोन्ही वचनांत सारखाच राहतो. तेव्हा शेवटच्या अक्षरावरून वचन ठरवण्याचे काम एआयवर सोपवू नये. टेबलांच्या नावांची देवनागरीतली यादी एकवचन-अनेकवचनाच्या जोड्यांसह आधी त्याच्या हाती द्यावी आणि मगच व्यवहारनावे मागावीत.