मदत हवी आहे: रिपोर्टसाठी ओआरएम सोडून एसक्यूएल लिहावं का?

नमस्कार मंडळी,

महापेला एका छोट्या कंपनीत आहे. वाशीच्या मसाला मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याचं चलान-बिलिंग माझ्याकडे आहे. पायथन, पोस्टग्रेस डेटाबेस आणि एसक्यूएलअल्केमी (ही ओआरएम लायब्ररी, म्हणजे डेटाबेसच्या ओळी पायथनचे ऑब्जेक्ट म्हणून देणारी).

दिवसभराच्या चलानांचं पान उघडायला फार वेळ लागायचा. गाळ्यासमोर ट्रक लागलेला, माथाडी खोळंबलेले आणि मेहताजी स्क्रीनकडे बघत बसलेले, हे मी स्वतः पाहिलं. फार वाईट वाटलं. एको (डेटाबेसला जाणारी प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये छापणारी सोय) चालू करून लॉग बघितला. चलानं 400, पार्ट्या 60, क्वेऱ्या 461! चलानांची एक, प्रत्येक चलानातल्या मालासाठी एकेक अशा 400, आणि पार्ट्यांच्या नावांसाठी 60. (एकदा सेशनमध्ये, म्हणजे ओआरएमच्या चालू कामात, आलेली पार्टी ओआरएम पुन्हा मागवत नाही, नाहीतर तिथेही 400 झाल्या असत्या.) मालासाठी सिलेक्टइनलोड (सगळ्या चलानांचा माल एकाच जादा क्वेरीत), पार्टीसाठी जॉइन्डलोड (पार्टी चलानांच्या क्वेरीतच जोडून) लावलं. आता 2 क्वेऱ्यांत काम होतं.

अडलंय ते महिनाअखेरच्या रिपोर्टवर. पार्टीवार गोणी आणि रक्कम, आणि वरच्या 10 पार्ट्या, एवढंच हवं. पण आमचा कोड महिन्याच्या सगळ्या ओळींचे ऑब्जेक्ट बनवून पायथनमध्ये बेरीज मारतो. सर म्हणतात, सरळ हाताने एसक्यूएल लिही. बेरीज डेटाबेसनेच करावी हे मला पूर्ण पटतं. पण दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे एसक्यूएल सर्व्हर आहे, तिथे वरच्या 10 ओळींसाठी लिमिट चालत नाही, टॉप लागतं. स्ट्रिंगमध्ये लिहिलं तर दोन प्रती सांभाळत बसावं लागेल. म्हणून एंट्रीला ओआरएम आणि रिपोर्टला कोअरचं (एसक्यूएलअल्केमीचा पायथनमधून एसक्यूएल रचणारा भाग) सिलेक्ट, ग्रुप बाय, असं करावं म्हणतोय. कोणी चालवलंय का असं? दोन्ही एकाच सेशनमधून चालवलं, तर नुकतीच टाकलेली, कमिट न झालेली चलानं बेरजेत येतील का?

प्रतिसाद:
येतील. सेशनच्या एक्झिक्यूटमधून सिलेक्ट चालवा. सिलेक्ट ओआरएमच्या क्लासवर असेल तर त्याआधी ऑटोफ्लश होतो, म्हणजे नव्या नोंदी आपोआप डेटाबेसकडे जातात; नुसत्या टेबलवर असेल तर आधी स्वतः फ्लश करा. वेगळं कनेक्शन उघडलंत तर मात्र दिसणार नाहीत. टॉप-लिमिटचं कोअर बघून घेतं. एक जपा: चलानाला मालाच्या ओळी जोडून चलानावरची रक्कम बेरजेत घेऊ नका. मालाच्या 5 ओळी असतील तर ती 5 वेळा मोजली जाईल.

धागाकर्ता:
अहो, आमच्याकडे हमाली चलानावरच आहे! मालाची बेरीज आधी चलानवार सबक्वेरीत करतो, मग जोडतो. मनापासून आभार. मेहताजींच्या वहीतल्या गेल्या महिन्याच्या आकड्यांशी ताळा करून इथेच कळवतो.