बायपोलरसाठीची कौटुंबिक सत्रे ठरल्या पद्धतीने होत आहेत का, हे कसे ओळखावे?

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला चार वर्षांपासून बायपोलर आजार (मन कधी अतिउत्साही, तर कधी अतिउदास होण्याचा मानसिक आजार) आहे. लिथियम हे औषध सुरू आहे आणि त्याच्या जोडीला आई-बाबा, तो आणि मी असे चौघे पाच महिन्यांपासून कौटुंबिक सत्रांना जातो. उपचार डेव्हिड मिक्लोविट्झ आणि मायकेल गोल्डस्टीन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या पद्धतीने होतील, असे आम्हाला सुरुवातीला सांगितले होते. त्या पद्धतीत नऊ महिन्यांत सुमारे २१ सत्रे असतात: आधी आजाराची माहिती, मग घरात बोलण्या-ऐकण्याचा सराव आणि शेवटी अडचणी मिळून सोडवण्याचा सराव. कोलोरॅडोतील १०१ रुग्णांच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांत आजार पुन्हा उफाळण्याचे प्रमाण औषधांसोबत ही सत्रे घेतलेल्या गटात ३५ टक्के होते, तर औषधांसोबत माहितीची केवळ दोन सत्रे आणि गरजेप्रमाणे मदत मिळालेल्या गटात ५४ टक्के. एवढा फरक वाचूनच आम्ही तयार झालो.

आमची बारा सत्रे झाली, पण अजून माहितीच चालू आहे. मागच्या वेळी आईने भावाला "गोळी घेतलीस का?" असे तीनदा विचारले आणि तो खुर्ची भिंतीकडे वळवून बसला. तिथेच थांबवून, आईला त्याच्याकडे बघत तेच वेगळ्या शब्दांत बोलायला लावतील, अशी माझी अपेक्षा होती. त्याऐवजी सत्रे घेणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी झोप आणि ताण यांचा संबंध समजावला. सांगितले ते बरोबरच होते, पण आईचे वाक्य घरी आल्यावरही तेच राहिले.

संशोधनात सत्रांचे चित्रीकरण होते आणि थेरपिस्टने पद्धत किती पाळली, किती कौशल्याने वापरली, याला गुण दिले जातात. खासगी दवाखान्यात तसे कोणी पाहणारे नसते. प्रत्येक घराचा वेग वेगळा असतो आणि चांगला थेरपिस्ट घर बघून क्रम थोडा बदलतोही, हे मला मान्य आहे. परंतु सरावाचा भागच गळाला, तर त्या आकड्यांचा आधार आम्हाला कितपत घेता येईल?

बाईंवर भावाचा विश्वास बसला आहे, त्यामुळे थेरपिस्ट बदलण्याचा विचार नाही. ज्यांनी अशी सत्रे घेतली किंवा अनुभवली आहेत, त्यांनी कृपया सांगावे: सराव साधारण कितव्या सत्रापासून सुरू झाला, घरी करायला काही लिहून दिले जात होते का, आणि त्यांना वाईट न वाटता हे कोणत्या शब्दांत विचारावे? भावासमोर विचारावे की आधी फोनवर, हेही मला ठरवता येत नाही. पुढचे सत्र येत्या शनिवारी आहे.