सजगता, अवधान, ध्यान की भान? रोजचा ताण आणि श्वास यांचे मराठी शब्द

गोदाकाठ
नाशिकच्या सातपूर आणि अंबड भागांतल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी आम्ही काही जण मिळून एका पानाचं पत्रक लिहितो आहोत. विषय साधा आहे: रोजचा ताण आणि त्यावर श्वासाचा सराव. शिफ्ट सुटल्यावर बसची वाट बघताना वाचून व्हावं, एवढाच मजकूर. काय सांगायचं ते ठरलंय, शब्दांवर घोडं अडलंय. माइंडफुलनेसला, म्हणजे आत्ता जे चाललंय त्यावर लक्ष ठेवण्याच्या सरावाला, मराठीत काय म्हणावं? 'ताण' लिहावं की 'टेन्शन'? आणि 'दीर्घ श्वास घ्या' ही सूचना बरोबर आहे का?

वर्तमानपत्रांत 'सजगता' रूढ होत चाललाय. शब्द वाईट नाही, पण तो कानावर कुठे पडतो ते बघा. 'सजग राहा, ओटीपी कुणाला सांगू नका.' 'सजग नागरिक व्हा.' म्हणजे सजग राहायचं ते चोरापासून, धोक्यापासून. ज्याचे खांदे आधीच कानाला लागलेत त्याला सजग व्हायला सांगितलं तर तो आणखी आवळून बसेल. माझा कल 'भान'कडे आहे. 'भानावर ये' हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय आणि त्यात 'येणं' आहे. मन कुठेतरी गेलं होतं, ते परत आलं. सरावात नेमकं हेच घडतं. मन जाणारच, गेल्याचं कळलं की परत यायचं. पटतं का?

शब्दवेडी
आधी मूळ बघू. माइंडफुलनेस हा शब्द आजच्या अर्थाने इंग्रजीत रुळला तो पालीतल्या 'सति'चा अनुवाद म्हणून. ऱ्हिस डेव्हिड्स या पाली अभ्यासकाने १८८१ मध्ये तो योजला. पुढे १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला आणि शब्द मठातून दवाखान्यात आला.

पालीतला 'सति' म्हणजे संस्कृतातली 'स्मृति'. आठवण. आत्ता काय चाललंय याची आठवण सुटू न देणं. या अर्थाने आपला जुना शब्द खरं तर 'ध्यान' आहे. 'ध्यानात ठेव', 'ध्यानात आलं नाही', 'ध्यानीमनी नसताना'. खेड्यात आजही आठवण आणि लक्ष या दोन्हींसाठी हाच शब्द चालतो. अडचण इतकीच की शहरात 'ध्यान करा' म्हटलं की लोक मांडी घालून डोळे मिटतात.

'अवधान'ही कुणीतरी सुचवेल म्हणून आधीच लिहिते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधानच मागितलंय. शब्द सुंदर आहे, पण त्याची दिशा बाहेर आहे. अवधान आपण बोलणाऱ्याला देतो. स्वतःच्या श्वासाला अवधान द्या, हे मला कृत्रिम वाटतं.

पंचवटीकर
भानाला माझा एक आक्षेप आहे. आमच्याकडे कीर्तनात 'देहभान हरपलं' ही सगळ्यात मोठी दाद असते. निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी गेलेला माणूस सांगतो, टाळमृदंगात देहभान राहिलं नाही. तिथे भान सुटणं हे सुख आहे आणि तुम्ही भानावर यायला सांगताय. वाचणारा गोंधळणार नाही का?

गोदाकाठ
आक्षेप मोलाचा आहे. पण बघा, वारकऱ्याचं देहभान हरपतं तेव्हा तो असतो पुरता तिथेच, टाळाच्या ठेक्यात आणि नामात. सुटते ती 'मी'ची जाणीव. उलट द्वारका चौकात सिग्नलला थांबलेला माणूस मनाने उद्याच्या हप्त्यात असतो, नाहीतर साहेबाच्या कालच्या बोलण्यात. मागचा हॉर्न वाजेपर्यंत सिग्नल सुटल्याचं त्याला कळत नाही. त्याचंही भान सुटलंय, पण तो कुठेच नाही. पत्रकात हा दुसरा प्रसंग लिहिला की गोंधळ होणार नाही असं वाटतं.

इगतपुरीकर
श्वासाबद्दल एक गोष्ट आधीच वेगळी करून घ्या, नाहीतर पुढे सगळंच मिसळेल. आमच्या इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. सत्यनारायण गोयंकांनी सुरू केलेली. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त 'आनापान' असतं: नैसर्गिक श्वास नाकाशी येताना-जाताना जाणायचा. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. त्याला हात लावायचा नाही, मोजायचा नाही, सोबत मंत्रही म्हणायचा नाही.

म्हणून तिथे भाषा बदलते. 'श्वास घ्या, श्वास सोडा' अशी आज्ञा नसते. 'येणारा श्वास, जाणारा श्वास' असतं. येणं-जाणं श्वासाचं, जाणणं तुमचं. घेणं-सोडणं म्हटलं की कर्ता तुम्ही झालात. तुमच्या पत्रकात कोणता सराव आहे, बघायचा की करायचा? ते ठरलं की क्रियापद आपोआप ठरेल.

कॉलेजरोडवरची योगशिक्षिका
इगतपुरीकरांशी पूर्ण सहमत. दुसरी बाजू मी सांगते.

पतंजलींची व्याख्या आहे, 'श्वासप्रश्वासयोर्गतिविच्छेदः प्राणायामः'. श्वास आणि प्रश्वास यांच्या गतीत मुद्दाम खंड पाडणं. इथे कर्ता तुम्हीच, त्यामुळे 'घ्या' आणि 'सोडा' योग्यच. या सूत्रात श्वास म्हणजे आत येणारा आणि प्रश्वास म्हणजे बाहेर जाणारा. मराठी शाळेत आपण त्या दुसऱ्याला 'उच्छ्वास' शिकलो. वर्गात मी हा शब्द केव्हाच सोडला. म्हणताना जीभ अडखळते आणि अडखळलेल्या माणसाचा श्वासही अडखळतो. 'निःश्वास' वापरू नये, कारण मराठीत त्याला दुःख नाहीतर सुटका चिकटलेली आहे.

आता 'दीर्घ श्वास घ्या'बद्दल. माझ्या मते पत्रकातली सगळ्यात धोक्याची ओळ हीच. संस्कृतात दीर्घ म्हणजे लांब, वेळेने लांब. पण ऐकणारा 'मोठा' असं ऐकतो, छाती फुगवतो, खांदे उचलतो आणि भसाभसा हवा ओढतो. चार-पाच वेळा असं केलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. आधीच घाबरलेल्या माणसाला वाटतं, आता आपलं काहीतरी होणार. 'खोल श्वास'ची तीच गत.

शांत करणारा भाग आहे तो बाहेर जाणारा. श्वास आत येताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, बाहेर जाताना मंदावतात. व्हेगस नावाची नस मेंदूकडून हृदयाला लगाम लावते आणि श्वास सोडताना तो लगाम जास्त लागतो. म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं. चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर. एक आवर्तन दहा सेकंदांचं, मिनिटाला सहा. एरवी बसल्या जागी मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस श्वास होतात, म्हणजे हा वेग निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला. मी वर्गात म्हणते, 'सावकाश सोडा. आत आपोआप येईल.' यात 'दीर्घ'ही नाही आणि 'खोल'ही नाही. पोटावर हात ठेवायला सांगते. श्वासपटल खाली सरकलं की पोट पुढे येतं, ते हाताला कळतं आणि वेगळं समजावावं लागत नाही.

श्वास रोखून धरण्याचा सराव, म्हणजे कुंभक, पत्रकात घालू नका. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तो पत्रक वाचून करू नये. आणि चालू यंत्राजवळ कुणीही डोळे मिटू नयेत, हे पहिल्या ओळीत लिहा.

बागलाणचा डाळिंबवाला
दादा, तुमचा दुसरा प्रश्न ताणाचा होता, तो मागंच राहिला. आमच्या सटाणा-मालेगाव-देवळ्याकडं 'ताण' हा रोजच्या कामातला शब्द आहे. बहार धरायचा तर बागेला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत दीड महिन्यापर्यंत. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड आतून अन्न साठवतं. मग पाणी सोडलं की फुटवा आणि फूल निघतं. 'बाग ताणावर सोडली' असं आम्ही म्हणतो.

पण ताणाला मुदत असते. मुदतीच्या पुढं गेला तर झाडच वाळतं. शेतकऱ्याला 'ताण वाईट' म्हटलं तर तो ऐकून घेईल, पण त्याला खरं वाटणार नाही. 'पाणी कधी सोडायचं ते ठरलेलं नसलेला ताण' म्हटलं की लगेच कळेल. गारपिटीच्या रात्री द्राक्षवाल्याला जो लागतो त्याला आमच्याकडं ताण म्हणतच नाहीत. त्याला 'घोर' म्हणतात. जिवाला घोर लागला.

शब्दवेडी
दादा, हा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. इंग्रजी 'स्ट्रेस'चा आजचा अर्थही बराच नवा आहे. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये ओझं पडल्यावर शरीर कसं वागतं याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि पुढे त्याला जे नाव दिलं ते अभियांत्रिकीत आधीपासून चालू होतं. आपला 'ताण' मात्र दोरीला, कापडाला, बागेला आणि माणसाला एकच आहे.

क्रियापदंही बघण्यासारखी आहेत. ताण येतो, पडतो, बसतो, बाहेरून येतो. काळजी लागते आणि आपण ती करतोही. धसका बसतो किंवा घेतला जातो. टेन्शनचं मात्र सगळंच चालतं: येतं, घेतलं जातं, दुसऱ्याला दिलंही जातं. 'टेन्शन घेऊ नकोस' असं सहज म्हणतात, पण त्यात एक दोष दडलाय. जणू ते तूच घेतलंस, टाकून दे. ज्याच्यावर खरोखर ओझं आहे त्याला हे लागतं. पत्रकात 'टेन्शन येतं' लिहा, 'घेऊ नका' लिहू नका.

पंचवटीकर
भानाबद्दलचं उत्तर पटलं. आता मी एक शब्द देतो: 'दम'. फारसीत दम म्हणजे श्वास. त्यातूनच दमा. मराठीने त्याला केवढं काम दिलंय! दम लागला, दम कोंडला, दम धर, दम खा, एका दमात सांगून टाक, त्याला दम निघत नाही. यात धीर आणि श्वास वेगळे काढताच येत नाहीत. 'दम धर' म्हणजे थांब. 'दमानं घे' म्हणजे सावकाश कर. योगशिक्षिका ताई जे चार आणि सहा अंक मोजून सांगतात, ते घरातली म्हातारी माणसं 'दमानं घे रे' एवढ्यात सांगत आली आहेत. संस्कृतातला शम-दमातला 'दम' वेगळा, तो संयमाचा, पण मराठी कानाला दोन्ही एकमेकांत मिसळलेले ऐकू येतात.

पत्रकाचं नाव 'दमानं घ्या' ठेवा. कारखान्यात 'दम दिला' म्हणजे धमकावलं, हेही सगळ्यांना माहीत आहे. ज्यांना रोज दम दिला जातो त्यांना तोच शब्द त्यांच्या बाजूने वापरलेला भेटेल.

अंबड एमआयडीसी, दुसरी शिफ्ट
मी बारा तास उभा राहतो. कंत्राटी आहे. श्वासाने माझी नोकरी कायम होणार नाही आणि कर्जही फिटणार नाही. वरचं सगळं वाचलं, आवडलं, पण पत्रकात हे स्पष्ट लिहा. नाहीतर आम्हाला वाटतं की दोष आमच्याच श्वासात आहे.

गोदाकाठ
दादा, तुमचं म्हणणं जसंच्या तसं घेतो. दोष तुमच्या श्वासात नाही. जिथे काम जास्त आणि पगार कमी आहे तिथे तेच बदलायला हवं आणि त्यासाठी बोलावंही लागतं. श्वासाचा उपयोग एवढाच की साहेबापुढे उभं राहताना छातीतली धडधड थोडी खाली येते आणि जे बोलायचं ठरवलं होतं ते बोलता येतं. रात्री दोनला घरी गेल्यावर झोप लागायला मदत होते. याहून मोठा दावा आम्ही करणार नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगणं नकोसं वाटतं, अशा वेळी डॉक्टरांकडे जायचं किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलायचं. तो क्रमांक पत्रकात मोठ्या अक्षरांत जाईल.

तुमच्या सगळ्यांच्या शब्दांतून मसुदा असा झालाय:

'दमानं घ्या. चालू यंत्राजवळ किंवा गाडी चालवताना हे करू नका. बाजूला बसा, नाहीतर भिंतीला टेका. टेन्शन येतं तेव्हा मन पुढे पळतं. पाय जमिनीला टेकलेत का, बघा. श्वास येतोय, जातोय, एवढं बघा. मग नाकाने श्वास आत, चार मोजून. सावकाश बाहेर, सहा मोजून. दहा वेळा. मन पुन्हा पळेल. पळालं हे कळलं, म्हणजे तुम्ही भानावर आलात. परत मोजायला लागा.'

कॉलेजरोडवरची योगशिक्षिका
छान झालंय. 'सहा मोजून'च्या पुढे एक ओळ वाढवा: 'सहा जमत नसेल तर पाच, चक्कर आली तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास चालू द्या.' जबरदस्तीने ओढून सहा करणारे वर्गात नेहमी भेटतात.

इगतपुरीकर
बघणं आधी आणि मोजणं नंतर, हा क्रम आवडला. फक्त 'एवढं बघा'च्या जागी 'एवढं जाणा' नको का? श्वास दिसत नाही.

शब्दवेडी
'बघा'च राहू द्या. 'चव बघ', 'ताप आहे का बघ', 'हात लावून बघ' यात डोळे कुठे असतात? 'जाणा' पुस्तकी होईल.

अंबड एमआयडीसी, दुसरी शिफ्ट
'बघा' बरंय. आमच्यात काहीजण हिंदी पट्ट्यातले आहेत, त्यांच्यासाठी मागच्या बाजूला हिंदीत छापा. आणि कॅन्टीनमध्ये हात धुवायच्या जागेवर लावा, गेटवर कुणी थांबून वाचत नाही.